कवळी धुण्याच्या फसफसत्या गोळ्या: डागांना चांगल्या, टाळूला अपुऱ्या

औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या, कोमट पाण्यात टाकताच फसफसणाऱ्या या गोळ्या आमच्या घरी सासूबाईंच्या कवळीसाठी गेले काही महिने वापरात आहेत. चहाचे डाग आणि कुबट वास या दोन्ही बाबतींत त्या चोख आहेत. मिश्रीने दातांच्या फटीत धरलेली काळी रेघ मात्र त्यांना दाद देत नाही.

पण डाग ही वरवरची गोष्ट झाली. कवळीच्या अ‍ॅक्रिलिकला सूक्ष्म छिद्रे असतात आणि टाळूला टेकणारी तिची आतली बाजू गुळगुळीत केलेली नसते, त्यामुळे तिथे जंतूंचा बुळबुळीत थर आणि त्यात कॅन्डिडा ही बुरशी सहज ठाण मांडते. अशी कवळी रात्रंदिवस तोंडात राहिली, की तिच्याखालचा टाळू लाल होतो, आणि ती लाली नेमकी कवळीच्या कडेपाशी थांबते. बहुतेकांना काहीच दुखत नाही; ओठांचे कोपरे चिरून तिखट झोंबू लागले, की मग दंतवैद्य आठवतात. गोळीने हा थर सैल होतो, सगळा निघत नाही. म्हणून मऊ ब्रश आणि सौम्य साबण घेऊन आतली बाजू रोज घासावीच लागते. टूथपेस्टने चरे पडतात आणि उकळत्या पाण्याने कवळीचा आकार बिघडतो, तेव्हा ते दोन्ही टाळावे. रात्री कवळी फुलपात्रात साध्या पाण्यात ठेवून टाळूला मोकळीक देणे हा बिनपैशाचा उपाय तर कोणत्याही गोळीइतकाच मोलाचा आहे.

माझी तक्रार वेष्टनाबद्दल आहे. अशा अनेक गोळ्यांत पर्सल्फेट हे डाग काढणारे रसायन असते, ज्याची काहींना अ‍ॅलर्जी होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८ मध्ये त्याबद्दल इशाराही दिला होता. गोळी तोंडात टाकायची नाही आणि कवळी पुन्हा लावण्यापूर्वी वाहत्या पाण्याखाली खळखळून धुवायची, या सूचना आमच्या पाकिटावर इंग्रजीत आणि इतक्या बारीक अक्षरांत आहेत, की ज्यांच्यासाठी त्या लिहिल्या त्यांना चष्मा लावूनही वाचता येऊ नयेत. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांशेजारी तर हे पाकीट मुळीच ठेवू नये.

एकंदरीत गोळ्या घ्याव्यात, पण ब्रशच्या जोडीला. सैल कवळीच्या काठाने हिरडीवर पडलेला व्रण किंवा वाढलेली मांसल घडी यांवर त्यांचा काडीचाही उपयोग नाही. तिथे कवळी दुरुस्त करून घ्यावी लागते, आणि दोन आठवड्यांत न भरलेला व्रण दंतवैद्यांना दाखवावाच लागतो.