तबल्यावरची बोटे आणि स्वस्त त्रिमितीय सेन्सर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

फोंड्यात घरी तबल्याची शिकवणी घेताना, ‘तिरकिट’ हे बोल वाजवणाऱ्या विद्यार्थ्याची बोटे पुडीपासून (तबल्याच्या तोंडावरच्या कातड्यापासून) गरजेपेक्षा किती वर जातात हे नुसते सांगून पटत नाही; म्हणून गेल्या नोव्हेंबरात मी बोटांची हालचाल टिपणारा एक वापरलेला सेन्सर घेतला. 2013 मध्ये लीप मोशनने सुमारे 80 डॉलरला बाजारात आणलेल्या उपकरणाच्याच जातीचा तो आहे : शेजारी-शेजारी दोन अवरक्त कॅमेरे आणि दोघांच्या चित्रांत बोट जेवढे सरकलेले दिसते त्यावरून त्याचे अंतर काढणारे सॉफ्टवेअर.

वेगाबद्दल तक्रार नाही. सेकंदाला शंभरेक चित्रे मिळतात. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत चौपट, म्हणजे मात्रेला चार बोल, वाजवले तर सेकंदाला 8 बोल पडतात, म्हणजे एका बोलाच्या वाट्याला 12 चित्रे येतात. आपली तर्जनी किती उडते हे आलेखावर पाहून एका मुलाने हात आपण होऊन खाली आणला, जे मला दोन वर्षांत साधले नव्हते.

खरी अडचण झाकल्या जाणाऱ्या बोटांची आहे. हा सेन्सर टेबलावर ठेवून त्याच्या वर हात धरायचा असतो; तबल्याखाली ते शक्य नाही, म्हणून मी तो स्टँडला उलटा टांगला. ‘ना’ हा बोल वाजवताना स्याहीच्या (पुडीवरच्या काळ्या गोलाच्या) कडेला टेकलेली अनामिका मधल्या बोटाआड गेली, की सॉफ्टवेअर तिची जागा अंदाजाने भरते, आणि आलेखात हा अंदाज व प्रत्यक्ष मोजमाप सारखेच ठसठशीत उमटतात. स्टँड करंगळीच्या बाजूने तिरका केला, तेव्हा अनामिका सापडली आणि तर्जनी हरवली. त्यामुळे एका वेळी एकाच बोटाची उंची पाहायची असेल तरच मी हा घ्या म्हणेन. बोट पुडीला नेमके केव्हा लागले तेही त्याला कळत नाही. त्यासाठी तबल्याला किरकोळ किमतीची पिएझो चकती (कंपनाचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारी) चिकटवावी लागली.

संध्याकाळी बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीत) बसलो तर उतरत्या उन्हातील अवरक्त किरणांनी तो आंधळा होतो. आतल्या खोलीतला जुना पिवळा बल्बही तेच करतो, एलईडी दिव्याचा मात्र त्रास नाही. जूनमध्ये तर्जनी आणि मधले बोट एकच दिसू लागले. दोन दिवस सॉफ्टवेअर काढून पुन्हा घालण्यात गेले. शेवटी सेन्सरच्या काळ्या काचेवरून बोट फिरवले, तर ते पांढरे झाले : दमट हवेत मुले हाताला पावडर जास्त लावतात, आणि झटकताना ती काचेवर बसत होती.