तिसरा 'मॅचिंग' मॉनिटर घेताय? आधी हे वाचा

सिम रेसिंगसाठी, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या खऱ्यासारख्या कार शर्यतींसाठी, तीन स्क्रीन लावणाऱ्यांची एक ठरलेली पंचाईत असते. दोन मॉनिटर एकाच मॉडेलचे घेऊन ठेवलेले असतात, तिसऱ्याचे पैसे जमेपर्यंत कंपनीने ते मॉडेल बंद केलेलं असतं. माझ्याकडे दोन होते, २७ इंची, १४४०पी (२५६० बाय १४४० ठिपक्यांचे), १६५ हर्ट्झ (सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलणारे), आयपीएस प्रकारच्या पॅनलचे. तिसरा वेगळा आणला की कडेच्या पट्ट्या जाड-बारीक, रंग निराळे, स्टँडची उंची निराळी. त्यात एनव्हिडियाच्या सराउंडला, म्हणजे तिन्ही स्क्रीन जोडून एकच रुंद स्क्रीन करणाऱ्या सोयीला, तिन्हींचं रिझोल्यूशन सारखंच लागतं. म्हणून जुन्या वस्तूंच्या अ‍ॅपवर 'हेच मॉडेल हवंय' अशी जाहिरात टाकली. लगेच पुण्यातल्याच एका रिफर्बिश्ड माल विकणाऱ्याचा मेसेज: "दादा, सेम पीस आहे, एकच उरलाय. मी पण गेमर आहे, तुमचं दुःख समजतं."

दुकानात त्याने मॉनिटर एका जुन्या लॅपटॉपला एचडीएमआयने लावून दाखवला. १४४०पी, ६० हर्ट्झ. बाकीचे हर्ट्झ कुठे गेले, विचारलं. "लॅपटॉपचा पोर्ट जुना आहे दादा, घरी डीपी (डिस्प्लेपोर्ट) केबल लावा, १६५ दिसेल." हे खोटं नव्हतंच. एचडीएमआय १.४ वर १४४०पी साधारण ७५ हर्ट्झच्या पुढे जात नाही. अर्धं खरं सांगून उरलेलं आपल्यालाच जुळवायला लावायचं, ही त्याची हातोटी. कडेच्या पट्ट्या त्याच, मागचा स्टँड तोच, मॉडेलचं स्टिकरही तेच. साडेतेरा हजार यूपीआयने दिले आणि मॉनिटर रिक्षात घालून घरी आणला.

घरी खरंच १६५ दिसलं! विंडोज म्हणतंय २५६० बाय १४४०, १६५ हर्ट्झ. सराउंडने कुरकुर न करता ७६८० बाय १४४० ची पट्टी बांधून दिली. नवा मॉनिटर उजवीकडे लावला, कोन जुळवले, सीट सरकवली.

गोची कळली ती गेममधल्या स्पा ट्रॅकच्या पहिल्याच वळणावर. ला सोर्स हे उजवीकडचं अगदी आवळलेलं वळण. तिथे नजर आपोआप उजव्या स्क्रीनवर जाते, कारण आतला कर्ब, म्हणजे ट्रॅकच्या कडेची रंगीत किनार, तिथेच असतो. मधल्या स्क्रीनवर स्वच्छ दिसणारा लाल-पांढरा कर्ब मॉनिटरची कड ओलांडून उजवीकडे गेला की मऊ पडायचा, चष्म्यावर वाफ आल्यासारखा. शेजारून पुढे जाणारी गाडी सरकायची नाही, टपटप उड्या मारायची. रात्रीची शर्यत लावली तर काळ्या भागात गाडीमागे शेपूट. असली शेपटं व्हीए या दुसऱ्या प्रकारच्या पॅनलवर अंधारात दिसतात, माझ्या दोन आयपीएसवर कधी दिसली नव्हती.

आधी केबल बदलली, मग ग्राफिक्स कार्डचा पोर्ट, मग ड्रायव्हर. त्याने काहीच फरक पडणार नव्हता, कारण कॉम्प्युटर मॉनिटरबद्दल जे सांगतो ते मॉनिटरनेच त्याला सांगितलेलं असतं. मॉनिटरच्या बोर्डावर ईडीआयडी नावाची छोटीशी नोंद असते, मूळ भाग फक्त १२८ बाइटचा. उत्पादकाची तीन अक्षरं, मॉडेल, सिरियल नंबर, उत्पादनाचं वर्ष, चालणारी रिझोल्यूशन्स, सगळं त्यात. लग्नाच्या बायोडेट्यासारखंच हे, लिहिणारा लिहील ते. बऱ्याच बोर्डांवर ती प्रोग्रामर नावाच्या स्वस्तातल्या उपकरणाने पुन्हा लिहिता येते. वर असा कंट्रोलर बोर्ड बसवला, की जो १४४०पी आणि १६५ हर्ट्झ घेतो खरा, पण आतल्या आत चित्र आकसवतो आणि जादा फ्रेम (एकामागून एक येणारी चित्रं) टाकून देतो, की विंडोजला काही म्हणजे काही कळत नाही.

कळतं ते डोळ्यांना आणि फोनच्या कॅमेऱ्याला. विंडोजचं स्केलिंग १०० टक्के ठेवायचं. पेंटमध्ये एक पिक्सेल काळी, एक पिक्सेल पांढरी अशा उभ्या रेघा काढायच्या, चित्र १०० टक्क्यांवर पाहायचं आणि फोन स्क्रीनला जवळजवळ टेकवून फोटो काढायचा. खऱ्या १४४०पी वर रेघा सुट्या मोजता येतात. माझ्या उजव्या मॉनिटरवर रेघांच्या जागी राखाडी पट्टे होते, मधूनमधून गडद होणारे. दुसरी तपासणी ब्लर बस्टर्सच्या टेस्टयूएफओ या वेबसाइटवरची, फ्रेम स्किपिंगची (फ्रेम गळतात का ते पाहणारी). फोनचा शटर मंद ठेवून, म्हणजे १/१० सेकंदाच्या आसपास, पुढे पळणाऱ्या चौकोनांचा फोटो घ्यायचा. उजळलेले चौकोन सलग आले तर ठीक, मध्ये भोकं आली तर फ्रेम गळतायत. माझ्या फोटोत नियमित भोकं होती. या दोन्ही गोष्टी दुकानातच होतात, फक्त डीपी असलेला स्वतःचा लॅपटॉप न्यावा लागतो. दुकानदार 'लाइट गेलीय' म्हणाला तर चहा पिऊन परत जायचं.

ईडीआयडीतला सिरियल नंबर मागच्या स्टिकरवरच्या नंबरशी जुळत नव्हता. स्टिकरवरचा नंबर कंपनीच्या सेवा केंद्रात दिला, तर तो वॉरंटीत बदलून दिलेल्या कुठल्याशा दुसऱ्याच नगाचा निघाला. ओळखीच्या दुरुस्तीवाल्याने मागचं कव्हर काढलं. आत पॅनलवर एम२७०एचव्हीएन ने सुरू होणारं लेबल. म्हणजे २७ इंची फुल एचडी व्हीए. खोकं माझ्या मॉडेलचं, आतला मालक वेगळा.

विक्रेत्याला फोटो पाठवले. आधी "सर, तुमचं ग्राफिक्स कार्ड चेक करा". दादाचा एकदम सर झालो होतो. मग "सील तोडलंत, वॉरंटी संपली". मग ब्लॉक. बिल म्हणून त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो दिला होता. त्यावर दुकानाचं नाव आहे, जीएसटी नंबर नाही. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर आणि सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वरही. पैसे अजून आलेले नाहीत. धंदा म्हणून माल विकणाऱ्याविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं, आणि तिथे कामाला येतात ते त्याचे चॅट, यूपीआयची पावती आणि वरच्या तपासण्यांचे फोटो. म्हणून कुणाशी असा वाद झाला तर चॅट पुसू नका, आणि कव्हर उघडण्याआधी व्हिडिओ सुरू करा.

खरं तर बेजोड मॉनिटर प्रामाणिकपणे लावले तर इतके वाईट दिसत नाहीत. मध्ये ३२ इंची १४४०पी आणि बाजूला २४ इंची १०८०पी घेतले तर तिन्हींची पिक्सेल घनता जवळपास सारखीच, इंचाला ९२ च्या आसपास. उंची कमी पडते एवढंच. सराउंड तिथे चालणार नाही, पण एएमडीच्या कार्डांवरच्या तशाच सोयीत, आयफिनिटीत, कमी-जास्त करून पट्टी जुळवता येते.

मला फसवणारा हा विक्रेता विक्रीच्या जाहिराती फारशा टाकत नाही, 'पाहिजे'च्या जाहिराती वाचतो. बंद पडलेलं मॉडेल मागितल्यावर काही तासांत 'सेम पीस' म्हणून मेसेज आला, तर त्याला मेन्यूचा, म्हणजे मॉनिटरच्या बटणाने उघडणाऱ्या सेटिंगचा, सलग व्हिडिओ मागा. बोर्ड बदललेला असला की मेन्यू मूळ मॉडेलसारखा सहसा नसतो. माझ्याही मॉनिटरचा नव्हता.