हीटर कॉक बदलून घ्या, बायपास करू नका

गाडीतलं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, हळूहळू कमी होतंय, पार्किंगमध्ये मात्र थेंबही दिसत नाही, असं ज्यांच्या जुन्या गाडीचं चाललंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. कात्रज-कोंढवा रस्त्याच्या आतल्या एका गल्लीत दोघा भावांचं गॅरेज आहे. तिथे मी माझ्या होंडा सिटीचा हीटर कॉक, म्हणजे हीटरकडे जाणाऱ्या गरम पाण्याची तोटी, बदलून घेतला. गॅरेजचं नाव देत नाही, कारण थोरल्या मेस्त्रींनीच ‘लिहू नका’ म्हणून सांगितलं. माणसं दोन, जागा दोन गाड्यांची. गर्दी झाली की काम बिघडतं, असं त्यांचं म्हणणं आणि मला ते पटलं. म्हणून हा अभिप्राय त्या कामाबद्दल आणि त्या पार्टबद्दल.

गाडी २००२ सालची, १.५ लिटरची, बाबांनी नवी घेतलेली. पंधरा वर्षं झाल्यावर २०१७ मध्ये आरटीओत पुन्हा नोंदणी केली, २०२२ मध्ये परत पाच वर्षांसाठी केली. या गाडीचा मूळचा हीटर कॉक एवढी वर्षं टिकला, त्यामुळे कंपनीला बोल लावायचं काही कारणच नाही. रबर आणि प्लॅस्टिक वयाने जातं.

आता पुण्यात हीटर लागतोच कुणाला, हा प्रश्न मला प्रत्येक गॅरेजमध्ये विचारला गेला. माझी आई पाचगणीला राहते. जुलै-ऑगस्टमध्ये वाई सोडून पसरणी घाट चढायला लागलं की वर धुकं, बाहेर पाऊस आणि आत चार माणसांचा श्वास. समोरची काच आतून पांढरी होते. नुसता एसी काचेवर सोडला तर आतली वाफ जाते, पण थोड्या वेळात काच इतकी गार पडते की बाहेरून दव धरतं. एसी आणि हीटर एकत्र लावले की हवा आधी एसीच्या कॉइलवर कोरडी होते, मग हीटरवर गरम होते, आणि ती काचेवर लागली की बघता बघता काच स्वच्छ होते. घाटाच्या वळणावर समोरून एसटी येत असताना ही चैन नसते. शिवाय इंजिनाचा काटा चढायला लागला तर हीटर आणि पंखा दोन्ही पूर्ण सोडायचे, म्हणजे इंजिनाची थोडी उष्णता केबिनमध्ये निघून जाते आणि गाडी सावलीच्या जागेपर्यंत नेता येते. बाबांनी मला हे खंबाटकीत शिकवलं होतं.

तर तक्रार अशी होती. रिझर्व्ह टाकीतली पातळी हळूहळू खाली जायची. गाडी थांबवून बॉनेट उघडलं की गोडसर, उग्र वास यायचा. मी ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, इथिलीन ग्लायकॉल घातलेल्या कूलंटचा वास मला सांगावा लागत नाही. आतलं कार्पेट कोरडं होतं, काचेवर चिकट थर नव्हता. म्हणजे डॅशबोर्डच्या पोटातला हीटर कोअर, गरम पाणी खेळवून हवा तापवणारी नळ्यांची जाळी, गळत नव्हता. गळती बाहेर, इंजिनाच्या बाजूलाच कुठेतरी होती.

एका गॅरेजमध्ये बॉनेट उघडायच्या आधीच ‘गाडी पाणी खाते, हेड गॅस्केट गेलंय’ असं ऐकलं. हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, त्याखालचं सील ते गॅस्केट. हेड उतरवायचं, प्लेन करायचं, आकडा पंधरा हजारांच्या पुढे. दुसरीकडे सांगितलं, रेडिएटरमध्ये थोडी हळद टाका, गळती बंद होते. हळदीचा हा उपाय आपल्याकडे जुने ड्रायव्हर पिढ्यान्‌पिढ्या करत आलेत आणि भर रस्त्यात अडकल्यावर गाव गाठायला तो कामीही येतो. पण जी पूड बारीक भोक बुजवते तीच हीटर कोअरच्या बारीक नळ्याही बुजवते. तिसरा सल्ला सगळ्यात लोकप्रिय: दोन्ही हीटर होज, म्हणजे हीटरच्या रबरी नळ्या, कापायचे, मध्ये पाइपचा तुकडा घालून एकमेकांना जोडायचे, हीटर बायपास. अर्ध्या तासाचं काम. आपल्याकडच्या किती जुन्या गाड्यांचा हीटर असा कायमचा बंद असेल! मालकाला पत्ताही नसतो, कारण खालच्या गावात तो कधी लावावा लागत नाही.

कात्रजच्या मेस्त्रींनी काय केलं ते सविस्तर सांगते, कारण पैसे मी त्यासाठी दिले. त्यांनी गाडी रात्रभर तिथेच ठेवून घेतली. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर सकाळी रेडिएटरची कॅप काढून तिच्या जागी हातपंपाचा प्रेशर टेस्टर लावला आणि कॅपवर लिहिलेल्या १.१ पर्यंत दाब भरला. त्याच्या वर एक पंपही मारला नाही. मग गप्प उभे राहिले. काटा हळूहळू उतरायला लागला. टॉर्च घेऊन ते इंजिनाच्या मागच्या बाजूला, फायरवॉलपाशी, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यापाशी वाकले आणि मला म्हणाले, “मॅडम, हे बघा. इंजन पाणी खात नाही. पाणी इथनं चाललंय.” हीटर कॉकच्या दांडीच्या मुळाशी एक थेंब फुगत होता. त्याच्याखाली पांढरट-हिरवा थर साचलेला. इंजिन गरम असताना तो थेंब खाली गरम लोखंडावर पडून जागच्या जागी सुकायचा, म्हणून पार्किंगमध्ये कधी डाग दिसला नाही. थंड इंजिनावर दाब भरल्याशिवाय ही गळती सापडत नाही. ज्या गॅरेजकडे प्रेशर टेस्टर नाही त्यांनी हेड गॅस्केटचं नाव काढू नये, असं माझं स्पष्ट मत झालंय.

गॅस्केटची शंका माझ्या डोक्यातून जावी म्हणून त्यांनी आणखी एक चाचणी केली आणि ती बघून मला फार आनंद झाला. थोडं पाणी उपसून, इंजिन चालू करून रेडिएटरच्या तोंडावर एक काचेची नळी बसवली, आत निळा द्रव. तो ब्रोमोथायमॉल ब्लू! आमच्या प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड दाखवायला हाच दर्शक आम्ही वापरतो. गॅस्केट फुटलेलं असेल तर सिलिंडरमधला जळका वायू कूलंटमध्ये शिरतो, त्यातल्या कार्बन डायऑक्साइडने निळा रंग पिवळा होतो. आमचा निळा शेवटपर्यंत निळाच राहिला. पंधरा हजारांचं हेड त्या एका नळीने वाचवलं. पुढच्या वर्षी दर्शकांचा धडा शिकवताना हे उदाहरण मी वर्गात सांगणार आहे.

हीटर कॉक म्हणजे नेमकं काय, तर इंजिनातून हीटर कोअरकडे जाणाऱ्या गरम पाण्याच्या नळीवरची तोटी. डॅशबोर्डवरचा गरम-गारचा खटका एका केबलने या तोटीची दांडी फिरवतो. गार ठेवलं की तोटी बंद, एसीला गरम पाण्याशी झगडावं लागत नाही. पुण्यात ती महिनोन्‌महिने बंद असते. दांडीभोवतीचं सील एकाच जागी आखडून बसतं, आणि पावसाळ्यात अचानक फिरवलं की तिथूनच पाझर सुरू होतो. त्यात कुणी वरून बोअरचं पाणी भरलेलं असेल तर आणखी वाईट. जड पाणी तापलं की त्यातले बायकार्बोनेट कार्बोनेट होऊन बसतात, घरच्या गिझरच्या कॉइलवर बसतो तसाच पापुद्रा. माझा जुना कॉक मेस्त्रींनी काढून हातात दिला तेव्हा आतल्या बाजूला तो पापुद्रा नखाने निघत होता.

पार्ट कुठला घ्यायचा यावर आमचं बरंच बोलणं झालं. नाना पेठेत लोकल कॉक साडेसहाशेला मिळत होता. कंपनीचा, सीलबंद डब्यातला, ऑर्डर देऊन मागवावा लागणार होता. किंमत दोन हजार दोनशे. मेस्त्रींनी दुकानातून लोकल आणून दाखवला. नळीच्या तोंडावरची कड, जिच्यामागे क्लिप धरते, ती जवळजवळ नव्हतीच. सांध्यावर साच्याची रेघ हाताला लागत होती आणि दांडी फिरवताना मध्येच सैल पडायची. ही कड नसेल तर गरम पाण्याच्या दाबाखाली होज हळूहळू मागे सरकतो. मी कंपनीचा मागवला, आठवडाभर थांबले. तोपर्यंत गाडी हलवली नाही. जिथे लोकल चालतो तिथे मी लोकलच घेते, वायपर घेते, एअर फिल्टर घेते. पण याच्या पलीकडे उकळत्या पाण्याचा दाब आहे. साधं पाणी १०० अंशांना उकळतं, निम्म्या ग्लायकॉलचं मिश्रण आणि बंद कॅपचा दाब धरला तर उकळबिंदू १२५ च्या वर जातो. तेवढं तापलेलं पाणी बाहेर उडायला नको.

बसवण्याचं काम बघत उभी होते. दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात अशा. जुना होज ओढून किंवा पिळून काढला नाही. ब्लेडने लांबीच्या दिशेने चिरला आणि केळीच्या सालीसारखा नव्हे, अगदी सावकाश, दोन बोटांनी उलगडत सोडवला. कारण तो फायरवॉलमधून बाहेर आलेल्या हीटर कोअरच्या नळीवर घट्ट चिकटलेला असतो. ओढताना ती नळी वाकली किंवा तुटली की अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. दोन हजारांचं काम बघता बघता वीस हजारांवर जातं. कापलेले दोन्ही छोटे होज त्यांनी न विचारता नवे घातले आणि ते योग्यच केलं. दुसरी गोष्ट केबलची. खटका पूर्ण गारवर, कॉकची दांडी पूर्ण बंद, अशा स्थितीत केबलचं बाहेरचं आवरण क्लिपमध्ये बसवलं. ही जुळणी चुकली तर तोटी किंचित उघडी राहते आणि मे महिन्यात एसी थंड करत नाही. मग लोक गॅस भरत बसतात.

काढलेलं कूलंट त्यांनी गटारात सोडलं नाही, झाकणाच्या कॅनमध्ये भरून ठेवलं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ग्लायकॉल गोड असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात; शरीरात त्याचं ऑक्झॅलिक आम्ल होतं आणि मूत्रपिंडं बंद पडतात. गॅरेजच्या दारात दोन कुत्री झोपलेली होती, धाकटा भाऊ त्यांना रोज पोळी घालतो. कॅन कुठे ठेवायचा हे त्या घरात कुणाला सांगावं लागत नाही.

नवं कूलंट डिस्टिल्ड पाण्यात निम्मंनिम्म मिसळून भरलं. हीटर पूर्ण गरमवर, हवा काढायचा बोल्ट सैल, त्यातून बुडबुडे संपून सलग धार आल्यावर बंद. मग रेडिएटरचा पंखा दोनदा चालू-बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवलं आणि थंड झाल्यावर पुन्हा पातळी भरली. ही पायरी घाईत गाळली की आत हवेचा फुगा राहतो, काटा वर-खाली नाचतो आणि दोष नव्या पार्टला जातो. शेवटी परत प्रेशर टेस्टर लावला. चहा होईपर्यंत काटा जागचा हलला नाही.

बिल: कॉक दोन हजार दोनशे, होज आणि क्लिपा साडेचारशे, कूलंट नऊशे, मजुरी बाराशे. दोन्ही चाचण्यांचे वेगळे पैसे घेतले नाहीत. मी घ्या म्हटलं तरी नाही. तपासणीचे पैसे त्यांनी घ्यायला हवेत असं मला मनापासून वाटतं. शोधण्यातच खरी कारागिरी होती, बसवणं त्यानंतरचं.

उणिवाही सांगते. बसायला जागा नाही, एक स्टूल आहे त्यावर अवजारं असतात. बिल वहीच्या कागदावर मिळतं. पार्टची पावती मी मागून घेतली. फोन बहुतेक धाकटा उचलतो आणि ‘संध्याकाळी होईल’ म्हणतो, ते दुसऱ्या दिवशी होतं. ज्यांना त्याच दिवशी गाडी हवी त्यांनी जाऊ नये. गुरुवारी बंद.

हा सगळा पावसाळा गाडी पाचगणीला जाऊन-येऊन आहे. रिझर्व्ह टाकीतली पातळी वरच्या खुणेवरून हललेली नाही, कॉकच्या मुळाशी बोट फिरवलं तर कोरडं. पसरणीत काच आतून धरली की एसी, हीटर, पंखा दोनवर, आणि वळण दिसतं. मेस्त्रींनी सांगितल्याप्रमाणे खटका अधूनमधून, गरज नसली तरी, पूर्ण गरमवर नेऊन परत आणते, म्हणजे सील आखडत नाही. दिवाळीनंतर रेडिएटरचा खालचा होज आणि कॅप बदलायला पुन्हा तिथेच जायचंय. कॅप आणून ठेवलीय, १.१ चीच.