लेबल गार्डचे की जॅकेटचे? रायडिंग जॅकेटची एक खरेदी आणि आठ महिन्यांचा वापर

दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात ताम्हिणी घाटातील एका वळणावर पसरलेल्या बारीक खडीवरून माझी मोटारसायकल घसरली. वेग ताशी ३० किलोमीटरच्या आतच असावा, अंगात रायडिंग जॅकेट होते, आणि तरीही उजव्या कोपराची कातडी रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठ्या आकारात सोलवटली. घरी येऊन जॅकेट उलटे करून पाहिले तेव्हा कारण उलगडले. कोपराच्या गार्डवर, म्हणजे आघात झेलण्यासाठी बाहीच्या आत बसवलेल्या जाड रबरी तुकड्यावर, साधा ओरखडाही नव्हता, कारण बाही इतकी ढगळ होती की पडताना ती गोल फिरली आणि गार्ड कोपराच्या आतल्या बाजूला गेला. रस्त्याला घासली ती नुसती जाळी. ते जॅकेट मी मोबाइलवरून मागवले होते आणि आत स्वेटर मावावा म्हणून मुद्दाम एक माप मोठे घेतले होते. शाळेच्या गणवेशापासून ‘वाढत्या अंगाचे’ घेण्याची जी सवय आपल्याला लागते ती पंचेचाळिशीतही सुटत नाही. त्या वयात वाढणारे अंग म्हणजे फक्त पोट, हे मापाचा तक्ता पाहताना कोणाच्या लक्षात येत नाही.

म्हणून गेल्या फेब्रुवारीत जॅकेट आणि पँट यांचा नवा जोड घ्यायचे ठरवले तेव्हा पुण्यातल्या एका दुकानात प्रत्यक्ष जाऊन, घालून पाहून घेतला. जोड भारतीय बनावटीचा, उन्हाळ्यासाठीचा, म्हणजे छातीवर व पाठीवर जाळी असलेला आहे. दुकानाचे आणि कंपनीचे नाव मी देत नाही, कारण पुढे काही तक्रारी येणार आहेत आणि त्या एकाच नगाच्या अनुभवावर आधारलेल्या आहेत. दुकानाबद्दल एक गोष्ट मात्र आधीच नोंदवतो: तेथे आरशासमोर एक मोटारसायकल स्टँडवर उभी करून ठेवलेली आहे आणि कपडे घालून तिच्यावर बसून पाहण्यास कोणी हरकत घेत नाही. ही सोय नसलेल्या दुकानात मी यापुढे जॅकेट घेणार नाही.

विक्रेता तरुण मुलगा होता, स्वतः गाडी चालवणारा, बोलण्यात आदबशीर. त्याने पहिले जॅकेट पुढे ठेवताच सांगितले, “काका, हे सीई लेव्हल टू आहे, डोळे झाकून घ्या.” सीई म्हणजे युरोपीय नियमांनुसार असल्याची खूण. येथेच बहुतेक ग्राहकांची फसगत होते, आणि तीही कोणी उघड खोटे न बोलता. त्या जॅकेटच्या खांद्याचे व कोपराचे गार्ड खरोखरच लेव्हल टू होते. त्यांच्या रबरी अंगावर तसे कोरलेले होते. परंतु ते प्रमाणपत्र गार्डचे होते, जॅकेटचे नव्हते. गार्डसाठीचे युरोपीय मानक ‘ईएन १६२१’ हे आहे. त्यात गार्डवर ५० ज्यूल ऊर्जेचा आघात करून पलीकडे किती बल पोहोचते ते मोजतात. खांदा, कोपर, गुडघा यांच्या गार्डमधून सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत बल पार झाले तर लेव्हल वन, आणि २० पर्यंतच झाले तर लेव्हल टू, म्हणजे अधिक चांगले संरक्षण. पाठीच्या गार्डसाठी हेच आकडे १८ आणि ९ आहेत. यात कापड रस्त्यावर किती घासले गेल्यावर विरते, शिवण उसवते की टिकते, याचा संबंधच येत नाही.

त्यासाठी वेगळे मानक आहे, ‘ईएन १७०९२’. ते २०२० साली आले आणि त्यात संपूर्ण कपड्याला एएए, एए, ए, बी आणि सी अशा श्रेणी दिल्या जातात. खांदा, कोपर, नितंबाची बाजू, गुडघा अशा आधी टेकणाऱ्या भागांकडून सर्वांत जास्त, आणि छाती-पोटाकडून सर्वांत कमी अपेक्षा ठेवलेली असते. ढोबळमानाने सांगायचे तर या पहिल्या भागांची घासण्याची चाचणी एएए श्रेणीत ताशी १२० किलोमीटर, एए श्रेणीत ७० आणि ए श्रेणीत ४५ किलोमीटर वेगाच्या घसरण्याशी जुळणारी असते. बी श्रेणीचे कापड ए इतकेच टिकते, पण त्यात गार्ड नसतात. सी श्रेणी म्हणजे गार्ड जागेवर धरून ठेवणारी जाळीची बंडी, जी दुसऱ्या कपड्याच्या आत किंवा वरून घालायची असते. हे सारे जॅकेटच्या आत शिवलेल्या एका लहानशा लेबलावर असते: मोटारसायकलस्वाराचे चित्र, त्याखाली श्रेणीचे अक्षर आणि मानकाचा क्रमांक. मानकाच्या दुसऱ्या भागात एएए, तिसऱ्यात एए आणि चौथ्यात ए श्रेणी येते, त्यामुळे अक्षर पुसट झाले तरी क्रमांकामागच्या आकड्यावरून श्रेणी ओळखता येते. हेल्मेटला आपल्याकडे १ जून २०२१ पासून आयएसआय खूण बंधनकारक आहे. जॅकेटला तसे बंधन नसल्याने हे लेबल शोधण्याचे काम ग्राहकालाच करावे लागते.

मुलाने दाखवलेल्या पहिल्या तीन जॅकेटांत हे लेबल नव्हते. चौथ्यात होते, ए श्रेणीचे. पाचवे एए श्रेणीचे निघाले आणि तेच मी घेतले. किमतीत सुमारे अडीच हजारांचा फरक होता. विक्रेत्यालाही गार्डचे आणि कपड्याचे प्रमाणपत्र वेगळे असते याची कल्पना नव्हती, हे त्याने मोकळेपणाने कबूल केले आणि लेबलाचा फोटो काढून घेतला.

कापडाबद्दल बोलताना सगळीकडे ‘डेनिअर’चा घोष चालतो. ६०० डेनिअर म्हणजे फार भक्कम, असे दुकानदार सांगतात, पण डेनिअर हे केवळ धाग्याच्या जाडीचे माप आहे: ९००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन. ६०० डेनिअरचे साधे पॉलिएस्टर हे ५०० डेनिअरच्या चांगल्या नायलॉनपेक्षा लवकर विरू शकते. म्हणून मी आकड्यांपेक्षा जॅकेट उलटे करून शिवणी पाहण्यावर जास्त वेळ घालवला. बाही जेथे खांद्याला जोडली आहे तेथे कापडाच्या कडा दुमडून किमान दोन टिपा घातलेल्या असाव्यात आणि त्यांतली एक तरी आत झाकलेली असावी. कारण बाहेर उघडी असलेली टीप रस्त्यावर पहिल्या क्षणातच कापली जाते. माझ्या जॅकेटात खांदा व कोपराच्या शिवणी तिहेरी आहेत आणि समाधानकारक आहेत. काखेखालची शिवण मात्र एकेरी आहे. पडताना काख सहसा रस्त्याला लागत नाही, तरी या किमतीत तेथे आखडता हात घ्यायला नको होता. दुसरी कुरकुर पाठीची आहे. पाठीच्या खिशात कंपनीने गार्डऐवजी स्पंजचा पातळ तुकडा घालून दिला आहे, आणि ही खोड बऱ्याच कंपन्यांना आहे. चाचपून पाहिले नाही तर तो गार्डच वाटतो.

आता मापाविषयी, कारण माझ्या मते याच बाबीवर जॅकेटचा कस लागतो. माझी छाती ४० इंच, कंबर ३६ आणि उंची पाच फूट सहा इंच. तक्त्यानुसार मला ‘एम’ येत होते, मुलगा म्हणाला, “काका, एम दाटेल, एल घ्या.” उभे राहून त्याचे म्हणणे खरे वाटले. एम घातल्यावर खांद्यांत आखडल्यासारखे होत होते, हात खाली सोडले की कोपरापाशी चुण्या पडत होत्या. परंतु रायडिंग जॅकेट उभे राहण्यासाठी बेतलेले नसते. मोटारसायकलवर बसून हँडल धरताच बाहीचा बाक माझ्या हाताच्या बाकाशी जुळला, चुण्या गेल्या आणि मनगटावर बाही हातमोज्याच्या आत जाईल इतकी उरली. एल घालून तसेच बसलो तेव्हा खांद्याचे गार्ड दंडावर उतरले आणि गळ्यापाशी फुगवटा आला. मग मी मुलाला माझी बाही कोपरावर धरून पिळायला सांगितले. एलमध्ये गार्ड सहज दोन इंच फिरला. एममध्ये दंडाचा पट्टा आवळल्यावर तो हाडावरून हलला नाही. ही पिळून पाहण्याची परीक्षा मला घाटातल्या त्या पडण्याने शिकवली. दुकानात ती अर्ध्या मिनिटात होते.

बसल्या बसल्याच आणखी काही गोष्टी पाहिल्या. हेल्मेट घालून मान मागे वळवली तेव्हा कॉलर हेल्मेटच्या कडेला टेकत होती, पण ढकलत नव्हती. हँडल पूर्ण वळवले तेव्हा पाठ ताणली गेली, तरी जॅकेटचा मागचा काठ कमरेच्या वर चढला नाही. पाठीचा खरा गार्ड दुकानातून मागून घेऊन, खिशात घालून पुन्हा चेन लावली, कारण तो नंतर घ्यायचा ठरला तर छातीचा घेर त्याने अर्धा-पाऊण इंच खाल्ला जातो, आणि एम तेव्हाही बसायला हवे होते. बसले, पोटापाशी मात्र श्वास सोडून चेन ओढावी लागली. युरोपीय धाटणीवरून बेतलेली जॅकेटे छातीला रुंद आणि कमरेला अरुंद असतात, आणि मध्यमवयीन मराठी पोटाचा विचार त्या आराखड्यात केलेला नसतो. माझ्या जॅकेटला कमरेच्या दोन्ही बाजूंस पट्टे असल्याने ते निभावले.

पँटीबाबत फार लिहिण्याजोगे नाही. एकच सांगतो, की उभे असताना गुडघ्याचा गार्ड गुडघ्याच्या थोडा खाली दिसला तर तो दोष समजू नये, कारण बसल्यावर पँट वर ओढली जाते. माझ्या पँटीत गार्डचा खिसा वेल्क्रोने वरखाली करता येतो आणि तो मला एक टप्पा वर घ्यावा लागला. नितंबांच्या बाजूला खिसे आहेत, गार्ड नाहीत. ते वेगळे विकत घ्यावे लागले.

पत्नीसाठी जॅकेट पाहताना दुकानाची मर्यादा उघडी पडली. बायकांच्या मापांत एए श्रेणीचे एकही जॅकेट नव्हते, आणि “काकूंना जेंट्सचे एस चालेल” हा सल्ला आम्ही मानला नाही. पुरुषांचे एस तिच्या खांद्यांना बसले, पण कमरेखाली ते आवळले आणि वर चढले. शिवाय मागे बसणाऱ्याचे हात हँडलवर नसतात. ते मांडीवर किंवा मागच्या कडीवर असतात, त्यामुळे पुढे वाकलेल्या बाहीचा तिला फायद्यापेक्षा जाचच जास्त. त्या दिवशी आम्ही एकाच जॅकेटाची पिशवी घेऊन परतलो.

गेल्या आठ महिन्यांत हा जोड सुमारे सहा हजार किलोमीटर वापरला. एप्रिलमध्ये पुणे-कोल्हापूर प्रवासात गाडी चालू असेपर्यंत जाळीतून वारा उत्तम खेळतो. खंबाटकीच्या चढावर ट्रकांमागे अडकलो की आतला शर्ट दोन मिनिटांत भिजतो. उन्हात गार्ड किंचित मऊ पडतात. काही गार्डवर ‘टी+’ अशी खूण असते, तिचा अर्थ ते ४० अंश सेल्सिअस तापमानातही तपासलेले आहेत. माझ्या गार्डवर ती आहे. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा तिकडच्या चालकांनी ही खूण नसलेला गार्ड घेऊच नये.

पावसाळ्यात या जॅकेटाने निराशा केली. पावसाचे अस्तर आतून लावायचे असते, म्हणजे अंग कोरडे राहते पण बाहेरचे सगळे कापड पाणी पिते. जुलैत कुंभार्ली घाटातून चिपळूणला उतरलो तेव्हा जॅकेट जवळपास दुप्पट जड झाले होते, बाहेरच्या खिशातील नोटा लगदा झाल्या होत्या आणि कोकणातल्या दमट हवेत रात्रभर पंख्याखाली टांगूनही सकाळी ते ओलेच अंगात घालावे लागले. शिवाय पाऊस आला की रस्त्याच्या कडेला जॅकेट काढून आतले अस्तर जोडेपर्यंत निम्मे भिजणे होतेच. तेव्हापासून मी अस्तर घरीच ठेवतो आणि वरून साधा रेनकोट घालतो. कंपनीने ते अस्तर वगळून त्या पैशांत पाठीचा खरा गार्ड दिला असता तर बरे झाले असते.

पाचव्या महिन्यात डाव्या मनगटाच्या चेनचा रनर निघाला. दुकानाने जॅकेट कंपनीकडे पाठवायची तयारी दाखवली, पण तीन आठवडे लागतील असे सांगितले. ऐन पावसाळ्यात ते परवडणारे नव्हते, म्हणून बॅगा दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडून ४० रुपयांत नवा रनर बसवून घेतला, आणि तो अजून टिकून आहे. पुढची मुख्य चेन दणकट आहे. दोनदा धुतले, गार्ड काढून, बादलीत, साध्या साबणाने. रंग उतरला नाही, वेल्क्रोत मात्र जाळीचे धागे अडकून त्याची पकड थोडी सैल झाली आहे.

जॅकेटचे ११,४०० आणि पँटीचे ८,२०० रुपये पडले. पाठीचा लेव्हल टू गार्ड आणि नितंबांचे गार्ड मिळून आणखी ३,१०० गेले, म्हणजे पाटीवरची किंमत आणि खिशातून गेलेली रक्कम यांत बराच फरक पडला. या पैशांत एए श्रेणी, चांगल्या शिवणी आणि अंगाला धरून बसणारे माप मिळाले, म्हणून जॅकेट मी पुन्हा हेच घेईन. पँट घेताना नितंबांच्या गार्डसह येणारी दुसरी पाहीन. पत्नीच्या मापाचे एए श्रेणीचे जॅकेट दिवाळीनंतर येईल असा दुकानाचा निरोप आहे, आणि ते आले की मागच्या सीटवर तिला बसवून, बाही पिळूनच घ्यायचे ठरले आहे.