कनेक्टर मिळत नाही: तसाच शोधायचा, जुळणारा बसवायचा की दोन्ही बाजू बदलायच्या?

उपकरण उघडलं, केबल ओढली आणि पांढऱ्या प्लास्टिकचा तुकडा हातात आला. त्यावर ना नाव, ना नंबर. अशा वेळी आपण फोटो काढून शोधायला बसतो आणि तिथेच फसतो. फोटोत 1.25, 1.5 आणि 2 मिलिमीटरचे कनेक्टर सख्खे भाऊ दिसतात. म्हणून आधी दोन गोष्टी पक्क्या करा: पिच (शेजारच्या दोन पिनांच्या मध्यांमधलं अंतर) किती, आणि तुटलंय नेमकं काय, केबलकडचं हाउसिंग (प्लास्टिकचं कवच) की बोर्डावरचा हेडर (पिना असलेला भाग)? पुढचा निर्णय यावरच ठरतो.

पिच काढताना फक्त दोनच पिनांमधलं अंतर मोजून थांबू नका, त्यात चूक हमखास होते. पहिल्या पिनेच्या डाव्या कडेपासून शेवटच्या पिनेच्या डाव्या कडेपर्यंत कॅलिपर लावा आणि पिनांच्या संख्येपेक्षा एक कमी आकड्याने भागा. सहा पिना असतील आणि 6.25 मिलिमीटर भरले, तर पिच 1.25. साडेसात भरले तर 1.5, दहा भरले तर 2.

फक्त हाउसिंग किंवा टर्मिनल (हाउसिंगमधला, तारेला जोडलेला धातूचा तुकडा) गेलं असेल, तर हुबेहूब तोच कनेक्टर शोधण्याला माझं पहिलं मत. बोर्डाला हात लावावा लागत नाही आणि लॅच (कनेक्टर अडकवून धरणारी कडी) नीट बसतो. अडचण शोधण्याची कमी, क्रिम्पची, म्हणजे टर्मिनल तारेवर दाबून बसवण्याची, जास्त. 1.25 पिचच्या टर्मिनलला दोन जोड्या पंख असतात: एक तांब्यावर बसते, दुसरी तारेच्या आवरणावर. साध्या पकडीने दाबलं की दोन्ही चपट्या होतात आणि टर्मिनल हाउसिंगमध्ये शिरतच नाही. एका केबलसाठी क्रिम्पिंग टूल घेण्यापेक्षा टर्मिनल बसवून आलेली तयार तार घ्यावी आणि मधे जोड द्यावा.

दिसायला तसाच, पण दुसऱ्या मालिकेचा कनेक्टर घेणं हा सर्वांत मोहाचा आणि सर्वांत बेभरवशाचा मार्ग. ‘मायक्रो जेएसटी 1.25’ या नावाने विकला जाणारा माल बहुतेकदा मोलेक्स कंपनीच्या पिकोब्लेड मालिकेची नक्कल असतो. जेएसटी कंपनीची जीएच मालिकाही 1.25 चीच, पण तिला लॅच असतो आणि दोन्ही एकमेकांत बसत नाहीत. मी स्वतः एकदा पिच जुळली म्हणून खूश होऊन केबल मागवली. ती हेडरच्या तोंडाशीच अडकली. हिरोसे कंपनीचा डीएफ13 सुद्धा 1.25 चाच, आणि तोही वेगळाच. तेव्हा पिचबरोबर खाचा कुठे आहेत, लॅच कुठल्या अंगाला आहे आणि हेडरची भिंत केवढी उंच आहे, हेही ताडून पाहा.

जेएसटीची एक्सएच मालिका 2.5 ची आणि नेहमीची काळी पिनपट्टी 2.54 ची, ही जोडीही फसवी. दोन-तीन पिनांत फरक जाणवत नाही. दहा पिनांत नऊ अंतरं, म्हणजे 0.36 मिलिमीटरची तफावत. शेवटच्या पिना वाकतात.

भंगारातल्या बोर्डावरून केबल काढणं फुकटचं आणि कित्येकदा उत्तम. मात्र वारंवार काढघाल झालेली केबल घेऊ नका, टर्मिनलची पकड सैल झालेली असते.

बोर्डावरचा हेडरच उखडला असेल तर मूळ भागाच्या मागे लागण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. नाहीतरी सोल्डर करायचंच आहे, मग सहज मिळणारी जोडी दोन्ही बाजूंना घाला. बोर्डावरचे पॅड (सोल्डर करायचे धातूचे ठिपके) जुन्या पिचचे असल्याने नवा हेडर थेट बसणार नाही; पॅडवरून छोट्या तारा काढून त्यांच्या टोकाला कनेक्टर द्यावा लागतो. करंटही बघा: जेएसटीच्या पीएचला, म्हणजे 2 मिलिमीटरच्या मालिकेला, 2 अँपिअरची मर्यादा आहे, एक्सएचला 3 ची. मोटर किंवा हीटर असेल तर याहून मोठा घ्या.

कनेक्टर काढून तारा थेट सोल्डर करणं फक्त तिथेच, जिथे पुन्हा उघडायचं नाही आणि थरथर नाही. सोल्डर तारेच्या पोटात वर चढतं, ती कडक होते आणि नेमकी त्या कडेला तुटते. जोडाच्या थोडं पुढे तार गोंदाने किंवा पट्ट्याने बांधली तर टिकते. बॅटरीच्या तारा असतील तर दोन्ही एकदम कापू नका. एक कापा, झाका, मग दुसरी.

तयार तार घेतलीत तर लाल-काळ्या रंगावर विसंबू नका. दोन पिनांच्या बॅटरी कनेक्टरमध्ये प्लस कुठल्या बाजूला असावा याचा एकच नियम नाही, म्हणून जोडण्याआधी मल्टिमीटर लावा. उलट निघालं तर पीएच किंवा एक्सएचच्या हाउसिंगच्या खिडकीत दिसणारी पत्र्याची जीभ सुईने दाबा आणि तार मागे ओढा. दोन्ही टर्मिनल बाहेर आले की जिभा किंचित वर उचला, जागा बदला आणि टिक आवाज येईपर्यंत आत ढकला.