रिटर्नची मुदत संपली, मग आता? ऑनलाइन घेतलेला फोन बदलून घ्यायचा, दुरुस्त करायचा की पैसे मागायचे

गेल्या वर्षी आईसाठी १४ हजारांचा फोन मागवला. खोकं आलं पुण्यात आमच्या घरी, आई गावाला. मी गावी जाऊन तो तिच्या हातात देईपर्यंत नववा दिवस उजाडला. तिनं पहिला फोन मावशीला लावला आणि मावशी पलीकडून नुसती "हॅलो, हॅलो" करत राहिली. स्पीकरवर टाकला की आवाज जायचा, कानाला लावला की गायब. ॲप उघडलं तर रिटर्नचं बटण नाहीसं झालेलं. ग्राहक सेवेतल्या मुलीनं शांतपणे सर्व्हिस सेंटरचा पत्ता दिला आणि विषय संपवला.

तेव्हापासून ओळखीतलं कुणी ना कुणी हाच प्रश्न घेऊन येतं. काय करावं हे ठरवण्याआधी एक फरक डोक्यात पक्का बसायला हवा. ॲपवर दिसणारी सात किंवा दहा दिवसांची मुदत कंपनीनं ठरवलेली असते. कायद्याचं घड्याळ वेगळं चालतं.

आवडला नाही आणि बिघडलेला निघाला, या दोन गोष्टींत कायदा जमीनअस्मानाचा फरक करतो. रंग आवडला नाही, हातात जड वाटला, दुसरीकडे दोन हजारांनी स्वस्त दिसला, अशा कारणांसाठी फोन परत घ्यायलाच हवा असं भारतातला कायदा विक्रेत्याला सांगत नाही. लंडनला किंवा जर्मनीत राहणारी भावंडं "आम्ही तर १४ दिवसांत कारण न देता परत करतो" म्हणतात ते खरं आहे, तिथे ऑनलाइन खरेदीला तसा हक्क कायद्यानंच दिलाय. आपल्याकडे ते सर्वस्वी कंपनीच्या धोरणावर, आणि मोबाइलच्या बाबतीत ते धोरण बहुतेकदा "फक्त बदलून मिळेल" एवढंच असतं.

फोन सदोष असेल, बनावट असेल, जाहिरातीत सांगितलेली गोष्ट त्यात नसेल किंवा सांगितलेल्या तारखेनंतर आला असेल, तर मात्र चित्र पालटतं. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मधला सहावा नियम म्हणतो की असा माल परत घ्यायला किंवा पैसे द्यायला विक्रेत्याला नकार देता येणार नाही. त्या नियमात सात दिवसांची अट नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा ठरवली आहे, त्यासाठी बिलावर लिहिलेली मुदत आणि बिलावर काहीच लिहिलं नसेल तर ३० दिवस धरले आहेत. म्हणून ॲपचा स्क्रीन बघून हताश होण्याआधी बिल डाउनलोड करून खालची बारीक अक्षरं वाचा.

आता तिन्ही रस्ते शेजारी ठेवून पाहू.

बदलून घेणं सगळ्यात सोपं, पण मुदतीत असाल तरच. बिघाड एकाच नगाचा असेल, म्हणजे माइक, एखादा मेलेला पिक्सेल, चार्जिंगची खाच, तर बदलून घ्या आणि मोकळे व्हा. पण फोन तापतो, रेंज पकडत नाही अशी तक्रार त्याच मॉडेलबद्दल अनेकजण करत असतील, तर दुसरा नगही तसाच निघण्याची भीती असते. तिथे बदली घेऊ नये, पैसेच मागावेत. बदलून आलेल्या फोनची वॉरंटी कोणत्या तारखेपासून धरणार, हेही लेखी विचारून ठेवा.

दुरुस्तीचा रस्ता कंपनीला सर्वांत प्रिय, म्हणून आपल्याला तिकडेच ढकललं जातं. फोन पाच-सहा महिने नीट चालून मग बिघडला असेल, तर मीही आधी सर्व्हिस सेंटरलाच जा म्हणेन. हॅंडसेटवर सहसा वर्षभराची वॉरंटी असते. पण दहा दिवसांचा कोरा फोन उघडून दुरुस्त करून घ्यायला माझा विरोध आहे. एकदा का तो उघडला, की "दुरुस्त करून दिला, चालतोय की" हे उत्तर तयार असतं. सर्व्हिस सेंटरकडून मात्र एक गोष्ट जरूर घ्यावी: तपासणी करून दोष लिहिलेला कागद. तो कागद असला की विक्रेत्याला "तुमच्या हातून पडला असेल" म्हणणं जड जातं. पुढे दुरुस्तीला द्यावाच लागला, तर प्रत्येक वेळी जॉबशीट, म्हणजे फोन जमा केल्याची नोंदपावती, घ्या, त्यावर तारीख, आयएमईआय (प्रत्येक फोनचा वेगळा असलेला ओळख क्रमांक) आणि तुमची तक्रार तुमच्याच शब्दांत लिहून घ्या. एकाच दोषाच्या तीन जॉबशीट हा ग्राहक आयोगासमोर भक्कम पुरावा ठरतो.

पैसे परत मागणं सगळ्यात कष्टाचं, तरीही नव्या सदोष फोनसाठी मला तेच योग्य वाटतं. कुठे अडकायला होतं तेवढं आधी पाहून घ्या. हप्त्यांवर घेतला असेल तर बँकेचं प्रक्रिया शुल्क सहसा परत येत नाही. जुना फोन एक्सचेंजमध्ये दिला असेल तर तो परत मिळेल असं धरून चालू नका, त्याची रक्कम कशी मिळणार ते आधी विचारा. खोकं आणि सिमची ती टाचणीसुद्धा जपून ठेवा, कारण फोन न्यायला आलेला माणूस खोक्यावरचा आयएमईआय फोनमधल्या क्रमांकाशी ताडून पाहतो. *#०६# दाबलं की तो क्रमांक समोर येतो, बिलावरही तोच आहे ना ते बघा. फोन देण्याआधी दोषाचा व्हिडिओ काढा, मगच फोनमधलं आपलं खातं काढून टाका आणि फोन रीसेट करा. हा क्रम उलटा झाला तर दाखवायला काहीच उरत नाही.

पैसे मागायचे कुणाकडे? चॅटवर नव्हे. प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचं नाव, संपर्क साइटवर द्यावा लागतो. तो पानाच्या अगदी तळाशी असतो, शोधावा लागतो. त्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची, असं त्याच नियमांत आहे. "आम्ही फक्त व्यासपीठ आहोत, विक्रेता वेगळा" असं उत्तर आलं तर विक्रेत्याचं नाव-पत्ता मागा. तो ग्राहकाला देणं व्यासपीठाचं काम आहे.

तिथे दाद लागली नाही तर पुढे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आणि जिल्हा ग्राहक आयोग. हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत, आणि फोनसारख्या तक्रारीत कंपनी अनेकदा तिथेच नमतं घेते. पण हेल्पलाइन मध्यस्थी करते, तिला हुकूम देता येत नाही. हुकूम आयोगाचा. खरेदी ५ लाखांपर्यंतची असेल तर तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि विक्रेता दिल्लीचा असो की बंगळुरूचा, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. ती ऑनलाइनही दाखल होते. मुदत दोन वर्षांची. विक्रेता, व्यासपीठ आणि उत्पादक अशा तिघांनाही प्रतिपक्ष करा, नाहीतर प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. कायदा तीन महिन्यांत निकाल म्हणतो, प्रयोगशाळेत तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात त्याहून जास्त वेळ लागू शकतो, तेव्हा १४ हजारांच्या फोनसाठी आधी १९१५ आणि ते हरलं तरच आयोग, असं मी सुचवते. लाखाचा फोन असेल तर हेल्पलाइनवर फार आठवडे घालवू नका.

आईच्या फोनचं म्हणाल, तर सर्व्हिस सेंटरचा कागद, मावशीच्या बाजूनं केलेलं कॉलचं रेकॉर्डिंग आणि सहाव्या नियमाचा उल्लेख असा मेल तक्रार निवारण अधिकाऱ्याला गेला. आधी दुरुस्तीची ऑफर आली, मी नाही म्हटलं. मग बदलीची आली, पण तोपर्यंत आईचा त्या फोनवरचा विश्वासच उडाला होता. अठराव्या दिवशी पैसे खात्यात आले. आईनं तालुक्याच्या दुकानातून दुसरा घेतला, हजारभर जास्त देऊन. बिल करण्याआधी तिनं काउंटरवर उभ्याउभ्या तो कानाला लावून मावशीला फोन केला.