डेमोत ३० बार, कारखान्यात ३२

ईआरपी, म्हणजे कारखान्याची खरेदी, साठा आणि उत्पादन एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर. त्याच्या करारावर सही केली की ४० टक्के. सॉफ्टवेअर सर्व्हरवर चढवलं की ३०. आयटम मास्टर (सगळ्या वस्तूंची मूळ यादी) आणि बीओएम (कोणत्या वस्तूला काय आणि किती लागतं ती यादी) यांचा डेटा आत गेला की २०. ‘गो-लाइव्ह’ झालं, म्हणजे प्रत्यक्ष वापर सुरू झाला, की राहिलेले १०. ईआरपीच्या करारात हप्ते असे मांडलेले दिसले तर पेन खाली ठेवा. एकही बरोबर परचेस ऑर्डर निघायच्या आत १०० पैकी ९० विक्रेत्याकडे गेलेले असतात. आमचे गेले. शेवटचे १०सुद्धा गेले, कारण गो-लाइव्ह म्हणजे काय हे त्यांनीच करारात लिहून ठेवलं होतं: प्रत्यक्ष व्यवहाराची पहिली नोंद. एक जीआरएन (माल आत आल्याची नोंद) टाकला, झालं गो-लाइव्ह!

करार वाचला नव्हता का, असं विचारणारे भेटतातच. वाचला होता. पण व्याख्या सुरुवातीच्या पानांवर आणि हप्ते शेवटच्या परिशिष्टात. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय डाव दिसत नाही, आणि तसं कोण वाचतं?

संशय यायला हवा होता तो डेमोत. त्यांची दोन लेव्हलची ठरलेली बीओएम बाजूला ठेवून आमचाच पार्ट चालवायला लावला होता, म्हणजे अगदीच डोळे मिटून बसलो नव्हतो. २५ मिमी व्यासाचा, ६ मीटर लांबीचा बार, पार्ट १८० मिमी, मागणी १,००० नग. बटण दाबलं आणि एमआरपीने, म्हणजे किती माल लागेल याचा हिशेब करणाऱ्या भागाने, क्षणात उत्तर दिलं: ३० बार, ६९३ किलो. आकडा इतका गोल आला की सगळ्यांनी माना डोलावल्या.

आता तोच हिशेब कटिंगवाल्याच्या नजरेने करा. दर नगामागे पात्याच्या जाडीत ३ मिमी जाते, म्हणजे एका नगाला १८३ मिमी. ६,००० भागिले १८३, पूर्ण नग ३२, आणि १४४ मिमीचा तुकडा भंगारात. ३० बारमधून निघतात ९६० नग. ४० कमी! लागतात ३२ बार. सॉफ्टवेअरने १८० मिमीचं वजन काढलं, हजाराने गुणलं आणि मोकळं झालं. कटिंग अलाउन्स नाही, शेवटच्या तुकड्याचा विचार नाही, पूर्ण बारात राउंडिंग नाही. हे तिथल्या तिथे विचारलंही गेलं. उत्तर आलं, “ते कॉन्फिगरेशनमध्ये होऊन जाईल.” हे वाक्य कानावर पडताच उठायला हवं होतं. सही होईपर्यंत जे कॉन्फिगरेशन असतं, त्याचं सहीनंतर कस्टमायझेशन होतं आणि प्रत्येक बदलाचं वेगळं बिल येतं. ‘दोन्ही पक्षांतला संपूर्ण करार एवढाच’ हे कलम असलं की डेमोत बोललेलं, ईमेलवर कबूल केलेलं, सगळं हवेत जातं. म्हणून अडचणीचे पार्ट आपण निवडायचे, अपेक्षित उत्तरं आधी कागदावर काढायची आणि तो कागद कराराला परिशिष्ट म्हणून जोडायचा. जॉबवर्कला प्लेटिंगसाठी गेलेला माल, ऑर्डर चालू असताना बदललेलं ड्रॉइंग रिव्हिजन, किलोत खरेदी आणि शॉपफ्लोअरला देताना नगात इश्यू: एवढ्यातच बहुतेकांचं पितळ उघडं पडतं.

निगेटिव्ह स्टॉकची, म्हणजे नोंदीतला साठा शून्याखाली जाऊ देण्याची, परवानगी कोणी ‘तात्पुरती’ चालू केली तर बंद करायला लावा. बॅकफ्लशमध्ये (तयार नगांवरून कच्चा माल आपोआप वजा करताना) रिजेक्शनची नोंद सुटली की कागद आणि रॅक जुळत नाहीत. निगेटिव्ह चालू असेल तर सिस्टीम कुठेही अडत नाही आणि चूक महिनाअखेरपर्यंत दबून राहते. गो-लाइव्ह झाल्याचं दाखवायला हीच तर युक्ती वापरतात.

लायसन्समध्येही तेच. शॉपफ्लोअरवर ८ टर्मिनल, ३ पाळ्या. एकाच वेळी वापरणाऱ्यांवर मोजणी असेल तर ८ लायसन्स पुरतात, माणसाच्या नावावर असेल तर २४ लागतात. कोटेशनमध्ये नुसतं ‘युजर’ लिहिलेलं असतं.

आणि ती ४० टक्के सवलत! १०० चं सॉफ्टवेअर ६० ला मिळालं म्हणून खूश होऊ नका. वार्षिक देखभाल २० टक्के, पण मूळ यादी किमतीवर. म्हणजे ६० वर दरवर्षी २०, प्रत्यक्षात ३३.३३ टक्के. मीटर सहीच्या दिवसापासून सुरू, वापर सुरू झाल्यापासून नव्हे.

तक्रार कुठे करणार? पोलीस म्हणतात, हा दिवाणी मामला. ग्राहक तक्रारीची खिडकी म्हणते, व्यवसायासाठी घेतलंत, तुम्ही ग्राहक नाही. मूळ सॉफ्टवेअर कंपनी म्हणते, करार आमच्या पार्टनरशी, म्हणजे विक्रेत्याशी आहे. पार्टनर म्हणतो, लवादाकडे जा. आणि लवादाची जागा करारानुसार त्याच्याच गावात. ‘गो-लाइव्ह प्रमाणपत्रावर सही तुमचीच ना?’ हा प्रश्न प्रत्येक टेबलावर ऐकायचा. ३० बारचा स्क्रीनशॉट दाखवला तर समोरच्याला एमआरपी म्हणजे छापील किंमत वाटते! ज्याला बीओएम ठाऊक नाही तो फसवणूक कशी मोजणार? मोठ्यांचीही यातून सुटका नाही. अमेरिकेतल्या वेस्ट मॅनेजमेंट या कचरा उचलणाऱ्या कंपनीने २००८ साली सॅप या जर्मन ईआरपी कंपनीवर दावा लावला, त्यातही खोट्या डेमोचा आरोप होता. सॅपने तो फेटाळला आणि प्रकरण २०१० मध्ये तडजोडीवर मिटलं. त्यांच्याकडे वकिलांची फौज तरी होती.

बाहेर पडतानाचा फास वेगळाच. बीओएम मागितली तर पीडीएफ हातात ठेवतात. पॅरेंट, चाइल्ड, नग, युनिट, रिव्हिजन आणि लागू तारीख एवढे रकाने असलेली सीएसव्ही फाइल स्वतः काढता येते का, हे पहिला हप्ता देण्याआधी तपासा. निम्मी रक्कम तरी दोन महिनाअखेर स्टॉक जुळेपर्यंत हातात ठेवा. विक्रेता याला नाही म्हणाला तर दुसरा बघा.